वेशीवर आलेला भुंगा

ओबरहाल्डेन गावात वाल्बुर्गा श्टाइनहिल्बरला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची बुर्गल. नवरा ऑयगेन रशियाच्या आघाडीवर गेला आणि तिकडंच बेपत्ता झाला, तेव्हा त्याचा ट्रॅक्टर तिनं हाती घेतला. डोंगरावरून ओंडके साखळीनं ओढत खाली आणायचे आणि करवतीच्या गिरणीत टाकायचे, हा तिचा धंदा. पहिल्या हिवाळ्यात गावातल्या म्हाताऱ्यांनी पैजा लावल्या की ही बाई बर्फ वितळायच्या आत ट्रॅक्टर नाल्यात घालणार. बर्फ वितळला. नाल्यात गेला तो गिरणीवाल्याचा घोडा, आणि त्याला बाहेर ओढलं बुर्गलनं. मग पैजा आपोआप बंद पडल्या.

हाडापेरानं दणकट बाई. आवाज असा की खालच्या वेशीत बोलली तर वरच्या आळीत कुत्री भुंकावीत. आणि यंत्राचं वेड तर विचारू नका. चर्चमध्ये ऑर्गन वाजायला लागला की बाकीच्या बाया डोळे मिटून हात जोडत. हिची मान मागे वळलेली असे, भाता कोण मारतंय आणि कसा मारतंय ते बघायला.

लढाईच्या शेवटच्या वर्षात शहरातल्या कारखान्यावर बाँब पडले आणि कारखान्याचा एक लहानसा विभाग गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीत येऊन बसला. भोवती काटेरी तार, दाराशी पहारेकरी. आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळं गाव ते छातीठोकपणे सांगत होतं. एके दिवशी त्या भट्टीतून एक उंच, वाळकुडा, चष्मेवाला माणूस सायकलवरून थेट बुर्गलच्या अंगणात आला. इंजिनिअर ओटमार कीन्त्स्ले.

"बाई, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं वाहन चालवता येईल तुम्हाला?"

"काय ओढायचंय?"

"ओढायचं काही नाही. नुसतं चालवायचंय. चढ, उतार, चिखल. आमचे दोन्ही ड्रायव्हर आघाडीवर गेले."

"नुसतंच चालवायचं?" बुर्गलनं हात फडक्याला पुसले. "म्हणजे बिनकामाचं. किती मोठं इंजिन आहे?"

कीन्त्स्लेसाहेबांनी आकडा सांगितला. बुर्गल खाली अंगणातल्या ओंडक्यावर बसली. तिच्या ट्रॅक्टरसारखे तीस जोडले असते तरी तेवढी ताकद झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीत हजर झाली. समोर रणगाड्याचं लोखंडी धूड उभं होतं. वर तोफ नाही, बुरूज नाही. त्या जागी फळ्या ठोकलेल्या आणि वजनासाठी वाळूची पोती रचलेली. मागचं झाकण उघडं होतं आणि आत ते बसलं होतं. बारा सिलिंडरचं, काळं, चकचकीत.

"हे विमानाचं इंजिन," कीन्त्स्ले म्हणाले. स्वतःच्या नातवाची ओळख करून द्यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "विमानात हे उलटं टांगलेलं असतं, वटवाघळासारखं. आम्ही सुलटं केलं आणि जमिनीवर आणलं. असं हे एकच आहे. नमुन्याचं."

"उलट्याचं सुलटं केलं तर त्याला चक्कर नाही येत?"

"येते ना! तेलाला येते. खाली जायचं ते वर, वर जायचं ते खाली. दोन वर्षं माझी त्यातच गेली. आणि वर आकाशात वारा फुकट मिळतो, इथं कोण घालणार? म्हणून हा एवढा पंखा." त्यांनी पंख्याच्या पात्यावर बोट वाजवलं. "याला इथं सगळे ब्रुमर म्हणतात."

ब्रुमर म्हणजे भुंगा. ते नाव का पडलं हे बुर्गलला पुढच्याच घटकेला कळलं. बाजूला लोखंडी दांडा लावून दोघांनी एक जड चाक हातानं फिरवायचं. ते गरगरत वेग घ्यायचं, आधी कण्हल्यासारखा, मग शिट्टीसारखा आवाज चढायचा, आणि ऐन टिपेला साहेब कळ ओढायचे. खाडकन् चाकाची इंजिनाशी गाठ बसली. एक खोकला, दुसरा खोकला, निळ्या धुराचा लोट आणि मग तो घुमला! आवाज कानात शिरायच्या आधी बुर्गलच्या पोटात शिरला. भट्टीच्या छपरावरून कौलं सरकली. बुर्गल एकटीच मोठमोठ्यानं हसत होती, आणि आपण हसतोय हे तिला ऐकूही येत नव्हतं.

तो दांडा फिरवणाऱ्यांत आन्सेल्म नावाचा एक फ्रेंच युद्धकैदी होता. ल्योंजवळचा मेकॅनिक. भट्टीत असे वीसेक कैदी राबत. कोबीच्या पाण्यावर त्यांना जगवलेलं. बुर्गल हत्यारांच्या पेटीत पाव ठेवायची आणि झाकण उघडं टाकून निघून जायची. कैद्याला खायला देणं म्हणजे तुरुंग. आन्सेल्म पाव घेई, पण आभार मानत नसे. एकदा तिनं विचारलंच, "का रे बाबा, दातखीळ बसते का तुझी?"

"बाई," तो मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मला इथं बांधून आणलंय. पावाबद्दल आभार मानले तर बाकीचंही पटलंय असं होईल."

बुर्गलला राग आला. घरी जाईस्तोवर तो गेलाही. पाव ती ठेवत राहिली.

तो हिवाळाभर तिनं भुंग्याला चिखलातून, बर्फातून, ओढ्यातून चालवलं. तो तापायचा, तेल ओकायचा, मध्येच रुसून बसायचा. साहेब झाकणात डोकं घालून त्याची समजूत काढायचे. आणि एखाद्या सकाळी तो असा पळायचा की टेकडीचा चढ चढाला शोभेनासा व्हायचा. या धुडाच्या डोक्यावर उद्या तोफ बसणार आहे, हे तिला माहीत होतं. साहेबांनाही होतं. पण तो विषय त्या दोघांमध्ये कधी निघाला नाही.

एप्रिल उजाडला आणि आघाडीच दाराशी आली. फ्रेंच फौज शेजारच्या खोऱ्यात उतरली होती. नाझी पक्षाचा गावप्रमुख एग्बर्ट झाउटर तपकिरी गणवेश घालून गल्लीबोळांतून ओरडत फिरला: गाव शेवटच्या माणसापर्यंत लढेल, जो पांढरं फडकं लावेल त्याला भिंतीशी उभा करीन. खालच्या वेशीत त्यानं अडसर उभारला. जाड ओंडके जमिनीत पुरले, त्यांना आडवे ओंडके ठोकले, मधे दगड भरले. ओंडके गिरणीतून उचललेले, म्हणजे बुर्गलनंच डोंगरावरून आणलेले. पहाऱ्याला ठेवले गावातले म्हातारे. त्यांत बुर्गलचा बाप अलोइसही होता. सत्तरी उलटलेला, खांद्यावर त्याच्याच वयाची बंदूक.

सकाळी दक्षिणेला धूर दिसला. शेजारचं गाव जळत होतं. तिथंही असाच अडसर होता; तिथून एक गोळी सुटली होती, आणि उत्तरादाखल तोफा.

बघता बघता विहिरीशी बाया जमल्या. पुढं होती गावची सुईण क्रेझेन्त्स. सगळे तिला त्सेंत्सीमावशी म्हणत. साठीची, ठेंगणी, आणि निम्मं गाव तिच्याच हातावर जगात आलेलं.

"करवती आणा, कुऱ्हाडी आणा," ती म्हणाली. "पुरुषांनी वेस बंद केलीय, आपण उघडू."

"मावशी, करवतीनं संध्याकाळ होईल," बुर्गल म्हणाली. "ओंडके मी आणलेत, मला ठाऊक आहे ते किती जाड आहेत. फ्रेंच दुपारपर्यंत इथं येतील."

"मग तुझा ट्रॅक्टर आण."

"ट्रॅक्टर झाउटरनं नेला तोफा ओढायला." बुर्गल बोलता बोलता थांबली. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "मावशी, तुम्ही सगळ्यांना घेऊन वेशीकडं निघा. मी आलेच."

"अगं पण कुठं निघालीस?"

"भुंगा आणायला!" ती धावत सुटली होती.

भट्टीचे पहारेकरी पहाटेच पळाले होते. तारेचं फाटक सताड उघडं. आत भुंग्यासमोर खोक्यावर कीन्त्स्लेसाहेब बसले होते, आणि खोक्यात सुरुंगाची दारू होती. वरून हुकूम आला होता: नमुना शत्रूच्या हाती लागता कामा नये, उडवून द्या. साहेबांच्या हातात वात होती. काडी ओढायचं काही होत नव्हतं.

"साहेब, उठा. वेशीतले ओंडके उपटायचेत."

साहेबांनी आधी ऐकलंच नाही. मग ऐकलं आणि ताडकन् उभे राहिले. "याच्यानं? वेड लागलंय का तुम्हाला? पाण्याची नळी चिरलेली आहे. तेल जुनं आहे. हे इंजिन आहे बाई, बैल नाही! ओंडके ओढायला मी केलंय का हे?"

"मग कशाला केलंत?"

बाहेर दूर कुठंतरी तोफ वाजली. बुर्गल खालच्या आवाजात म्हणाली, "मीही विचारलं नाही कधी, साहेब. मला नुसती मजा वाटत होती. पण आज उडवणारच आहात ना त्याला? मग त्याआधी एक तास मला द्या."

कीन्त्स्ल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वात खिशात कोंबली. "नळीला चामडं गुंडाळावं लागेल," ते म्हणाले. "आणि माझ्याशिवाय तुम्ही त्याला हात लावणार नाही. तेलाच्या काट्यावर डोळा माझा."

आता चाक फिरवायला दोन माणसं हवीत. साहेब एक. दुसरा? भट्टीच्या मागून आन्सेल्म पुढं आला. बाकीचे कैदी रानात लपले होते. हा आपल्या लोकांची वाट बघत इथंच थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मी फिरवतो," तो म्हणाला. "तुमच्या गावासाठी नाही. तोफा लागल्या तर ही भट्टीही उडेल, आणि माझे वीस सोबती पलीकडच्याच रानात आहेत."

"कशासाठी का असेना, पण दांडा धर!" बुर्गल आत उतरली सुद्धा.

चाक कण्हलं, आवाज शिट्टीला चढला. साहेबांनी कळ ओढली. काही नाही. पुन्हा चाक. आन्सेल्मच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, साहेबांचा चष्मा उडून वाळूत पडला. "चल रे, चल रे माझ्या राजा," बुर्गल आतून लोखंडावर थापा मारत होती. पुन्हा कळ. एक खोकला, दुसरा, आणि भुंगा गर्जला!

गावाच्या मुख्य रस्त्यावरून तो आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्या थरथरत होत्या. सज्ज्यांवरच्या कुंड्या पटापट खाली पडत होत्या. फरसबंदीतून ठिणग्या उडत होत्या. फळ्यांवर साहेब पालथे पडून काटा बघत होते, मागं आन्सेल्म साखळ्यांच्या ढिगावर बसलेला, आणि त्याच्यामागं वाटेत भेटतील तेवढ्या बाया, कुणी करवत घेऊन, कुणी पहार घेऊन, एक तर हातात नुसतं लाटणं घेऊन धावत होती. आयुष्यात पहिल्यांदाच या यंत्राला काहीतरी ओढायला मिळणार होतं.

वेशीशी पोचल्यावर तिनं धूड वळवलं आणि पाठ अडसराकडं केली. अडसरासमोर बंदूक आडवी धरून बाप उभा.

"बाबा, बाजूला व्हा!"

"मला हुकूम आहे!" अलोइस ओरडला. "जिवंतपणी ही जागा सोडायची नाही!"

"कुणाचा हुकूम?"

"झाउटरचा!"

"आईनं तुम्हाला चाळीस वर्षं सांगितलं चिखलाचे बूट घालून घरात येऊ नका, तो हुकूम कधी पाळलात? आणि आता त्या झाउटरचा पाळताय?"

बाया फसकन् हसल्या. बाकीच्या म्हाताऱ्यांनी बंदुका केव्हाच भिंतीला टेकवल्या होत्या. अलोइसनं इकडंतिकडं पाहिलं, पांढऱ्या मिशा चावल्या. "ती साखळी अशी बांधतात का?" तो आन्सेल्मवर खेकसला. "कार्ट्या, मुळाशी नको! छातीच्या उंचीला बांध!" आणि बंदूक टाकून तो स्वतःच साखळी गुंडाळायला लागला.

पहिला ओंडका करकरला, वाकला, आणि दात उपटावा तसा मुळासकट बाहेर आला. दगड घरंगळले. बायांनी असा जल्लोष केला की इंजिनाच्या वर ऐकू गेला. दुसरा आला. तिसऱ्याला बांधताना झाउटर पिस्तूल नाचवत गल्लीतून धावत आला.

"थांबवा! फितूर! एकेकाला गोळी घालीन!" त्यानं पिस्तूल बुर्गलच्या डोक्याकडं रोखलं. बुर्गलचा हात कळीवरून हलला नाही, कारण साखळीशी बाप आणि आन्सेल्म वाकलेले होते.

त्सेंत्सीमावशी चालत चालत, बाजाराला निघाल्यासारखी, त्याच्या आणि धुडाच्या मधे जाऊन उभी राहिली.

"एग्बर्ट," ती म्हणाली, "तू जन्माला आलास तो पायाळू. आधी पाय आले, डोकं अडकलं. सबंध रात्र मी तुझ्या आईपाशी होते. तुला बाहेर काढला तेव्हा तू निळा पडला होतास, मी तोंडानं फुंकून तुझ्यात श्वास घातला. घाल आता गोळी, घाल."

झाउटरचं पिस्तूल खाली आलं नाही, पण वरही राहिलं नाही. तेवढ्यात पाठीमागून पाववाल्याच्या बायकोनं पिठाचं रिकामं पोतं त्याच्या डोक्यावरून सर्रकन् ओढलं, आणि पाच-सहा जणी एकदम तुटून पडल्या. एक गोळी सुटली ती वेशीच्या कमानीत गेली. मग त्याला उचलून पाववाल्याच्या तळघरात टाकलं, वरून कडी. आतून तो ओरडत राहिला. पण त्या दिवशी भुंग्यापुढं कुणाचा आवाज टिकणार होता?

तिसरा, चौथा, पाचवा. आता वाफ यायला लागली होती. चामडं सुटलं होतं, नळीतून उकळतं पाणी उडत होतं. "तेलाचा काटा खाली येतोय!" साहेब ओरडले. "बुर्गल, बंद करा! मरेल तो!"

"एकच राहिलाय!"

शेवटचा ओंडका सगळ्यांत जाड, ओकचा. साखळी ताठ झाली, पट्टे फरसबंदी ओरबाडू लागले. ओंडका हलेना. बुर्गलनं मागं वळून साहेबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा वाफेनं लालबुंद झाला होता, चष्मा नव्हता, केस कपाळाला चिकटलेले. त्यांनी एकदा तेलाच्या काट्याकडं पाहिलं, एकदा वेशीकडं. आणि मग ते स्वतःच किंचाळले, "दे! सगळं दे त्याला!"

तिनं दिलं. भुंग्याचा आवाज असा चढला जसा तो कधीच चढला नव्हता. जमिनीवरचा तो नव्हताच, आकाशातलाच होता. ओक उपटला गेला. त्याच क्षणी आत धडाम् झालं, लोखंडाचा एक तुकडा झाकण फोडून बाहेर उडाला, काळं तेल फरसबंदीवर सांडलं. मग अशी शांतता झाली की तळघरातला झाउटर सुद्धा गप्प बसला.

कीन्त्स्ले खाली उतरले, फुटलेल्या भोकात हात घातला, भाजला तरी काढला नाही. ते हसत होते आणि डोळे वाहत होते. "पाहिलंत?" ते जो भेटेल त्याला सांगत होते. "शेवटपर्यंत कमी पडला नाही! पाहिलंत ना?"

आन्सेल्मनं गवताच्या दाताळ्याला त्सेंत्सीमावशीचं टेबलावरचं पांढरं कापड बांधलं आणि उघड्या वेशीतून रस्त्यावर चालू लागला. बुर्गलला वाटलं तो मागं वळून बघेल. तो वळला नाही. आधी भराभर चालला आणि मग पळतच सुटला. दुपारच्या आत फ्रेंच रणगाडे आले. पहिल्याच्या टपावर आन्सेल्म बसला होता, तोंडात सिगारेट. एकही गोळी सुटली नाही. बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, घाबरलेल्या, तेलानं आणि मातीनं माखलेल्या, आणि तरीही एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या.

फ्रेंचांनी झाउटरला तळघरातून काढून नेलं. भुंग्यालाही नेलं, बराच अभ्यास केला म्हणतात, आणि शेवटी भंगारात घातलं.

ऑयगेन परत आला नाही. रशियातून सुटून आलेल्या एका सोबत्यानं तो तापानं गेल्याचं सांगितलं तेव्हा बुर्गल पुरते आठ दिवस घराबाहेर पडली नाही. मग ती पुन्हा डोंगरावर गेली. पुढं तिच्याकडं दोन ट्रॅक्टर झाले आणि हाताखाली चार गडी. साहेब जवळच्या गावात दूध उपसायचे पंप बनवू लागले. रविवारी ते तिच्याकडं मसूर आणि शेवया खायला यायचे आणि दोघं तासन्‌तास तेलाच्या दाबावर भांडायची. आन्सेल्म एका उन्हाळ्यात बायकोला घेऊन आला. अडसर जिथं होता ती जागा त्यानं तिला दाखवली. भट्टीही दाखवली, पण बुर्गलला बरोबर येऊ दिलं नाही. संध्याकाळी मात्र त्यानं तिच्या अंगणात सफरचंदाची दारू प्यायली, आणि दांडा जास्त कुणी फिरवला यावरून साहेबांशी वाद घातला.

पुढं नगरपालिकेनं वेशीवर दगडी पाटी बसवली: "या गावच्या शूर नागरिकांनी वेस उघडली." त्सेंत्सीमावशी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती काठी टेकत सभेत गेली आणि म्हणाली, "नागरिक म्हणजे कोण? नागरिक बंदुका घेऊन आत उभे होते. बायांनी उघडली म्हणून लिहा." पाटी उतरवून पुन्हा कोरावी लागली.

साहेबांचं त्यावरही समाधान झालं नाही. "आणि इंजिन?" त्यांनी बुर्गलच्या टेबलावर मूठ आपटली. "इंजिनाचं नाव नको? ते नसतं तर?"

"नको," बुर्गल म्हणाली. "ते आपण ज्यासाठी बनवलं होतं, तेही मग पाटीवर लिहावं लागेल."

साहेब पुढचे दोन रविवार जेवायला आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, आणि येताना नव्या पंपाचा नकाशा घेऊन आले. ताटं बाजूला सारून बुर्गलनं तो टेबलावर पसरला. "हे काय," ती म्हणाली, "वाल्व्ह इथं कशाला घातलाय?"